जुना टू-इन-वन घरी आणलात? प्लग लावायच्या आधी हे वाचा

सध्या ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी आणि तिकडे वाशीत सिडकोच्या जुन्या बिल्डिंगी सगळीकडे रीडेव्हलपमेंट चालू आहे, घरं रिकामी होतायत आणि माळ्यावरून काय खाली येतं तर कुणा काकांनी दुबईहून आणलेला नॅशनल पॅनासोनिक नाहीतर सॅन्योचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेयर एकातच. तो सरळ भंगारवाल्याच्या गाडीवर जातो आणि खरंच जीव तुटतो, कारण यातले बरेच सेट मेलेले नसतातच, आतला बेल्ट गेलेला असतो आणि स्विचवर गंज चढलेला असतो, बास. म्हणून आधी ओळखीच्या सोसायट्यांच्या वॉचमनला आणि एरियातल्या भंगारवाल्याला सांगून ठेवा. मुंबईचा चोरबाजारही आहेच, ठाण्याहून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि चालत जायचं, शुक्रवारी पहाटे रस्त्यावर माल लागतो, पण तिथे चालवून दाखवतीलच असं नाही, त्यामुळे काय बघायचं ते माहीत पाहिजे.

चकाकीवर जाऊ नका. कॅसेटचं दार, बटणं, नॉब सगळं जागेवर आहे का बघा, कारण हे पार्ट वेगळे मिळणं फार अवघड, एरियल तुटली असेल तर चालेल, ती मिळते. सेलचा कप्पा उघडा, थोडा पांढरा-हिरवा थर असेल तर साफ होतो, पण पत्र्याच्या पट्ट्याच खाऊन गेल्या असतील तर भाव पाडून घ्या. मग हेडवरून, म्हणजे टेप ज्याला घासून वाजते त्या धातूच्या तुकड्यावरून, हळूच नख फिरवा, खाच लागली तर तो सेट खूप वाजलेला आहे. आणि मागचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. फक्त 100 व्होल्ट लिहिलं असेल तर तो जपानच्या बाजारासाठी बनलेला सेट, आपल्याकडे 230 व्होल्ट, थेट लावलात तर ट्रान्सफॉर्मर गेला. शिवाय त्या जुन्या जपानी सेटचा एफएम 76 ते 90 मेगाहर्ट्झ असतो आणि आपल्याकडे रेडिओ सिटी 91.1, मिर्ची 98.3, म्हणजे रेडिओ असून नसल्यासारखा. गल्फवाल्या सेटना बहुतेक वेळा मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो, तो 220-240 वर आहे ना ते आधी बघा.

घरी आणल्यावर लगेच प्लग लावू नका. ही एक गोष्ट पाळलीत तरी अर्धे सेट वाचतील. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या सेटमध्ये काही शॉर्ट असेल तर कळणार कसं? त्यासाठी जुने मेकॅनिक वापरतात तो सिरीज बोर्ड बनवून घ्या, 60 वॉटचा तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भकाभक पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. वायरिंग येत नसेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, इथे प्रयोग नकोत. मोठा अँप्लिफायर असेल तर प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून ठेवतात, लगेच हात घालू नका.

आता उघडायचं. प्रत्येक स्क्रू काढायच्या आधी मोबाईलवर फोटो, आणि ट्यूनरच्या काट्याचा दोरा कुठून कसा फिरलाय त्याचा फोटो तर हमखास, तो एकदा सुटला की परत ओवताना डोकं फिरतं.

बेल्टची तीन प्रकारची अवस्था असते: सैल, तुटलेला, किंवा वितळून गुळाच्या पाकासारखा पुलीला चिकटलेला. हा शेवटचा प्रकार सगळ्यात चिवट, कपड्याला लागला तर जात नाही, म्हणून ग्लोव्ह्ज घाला आणि कानातल्या काडीला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून पुलीची खाच पूर्ण स्वच्छ होईपर्यंत पुसत राहा, जराही राहिलं तर नवीन बेल्ट घसरणार. नवीन बेल्टच्या मापासाठी बेल्टच्या वाटेने पुल्यांभोवती दोरा गुंडाळा, लांबी मोजा आणि त्यातून साधारण 5 टक्के कमी करा. ते माप घेऊन मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जा. फार घट्ट बेल्ट घेऊ नका, मोटरच्या बेअरिंगवर लोड येतो. हेड आणि कॅप्स्टन (टेप पुढे ओढणारी धातूची बारीक दांडी) आयपीएनेच पुसा, पण टेप तिच्यावर दाबून धरणाऱ्या रबरी पिंच रोलरला साबणाचं हलकं पाणी, आयपीए वारंवार लागलं की रबर कडक होतं.

एका बाजूचाच आवाज येतोय, खरखर होतेय, मधेच शिट्टी वाजतेय, तर लगेच आयसी (बोर्डवरची चिप) गेला म्हणून सोल्डरिंग सुरू करू नका. बोर्डवर एक लांबडा सरकता स्विच असतो, रेकॉर्डचं बटण दाबलं की तो सरकतो, त्यात एका ओळीत बरेच कॉन्टॅक्ट असतात आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत ते हमखास काळे पडतात. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, डब्ल्यूडी-40 नको, आणि मग स्विच पुढेमागे वीस-पंचवीस वेळा सरकवा. मेलेला चॅनल असा अचानक जिवंत होतो तेव्हा जो आनंद होतो ना, त्यासाठीच मी हे सगळं करतो! व्हॉल्यूम आणि टोनच्या कंट्रोलला पण हेच औषध. कपॅसिटर मात्र सरसकट बदलत बसू नका, फुगलेला, गळलेला किंवा सतत हम्म येत असेल तर मेन फिल्टरचा तेवढा बदला, मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि प्लस-मायनस नीट बघून.

मग स्पीड. कॅसेटचा स्पीड सेकंदाला 4.76 सेंटीमीटर हे फिलिप्सने 1963 मध्ये कॅसेट आणली तेव्हापासून ठरलेलं आहे. 3150 हर्ट्झची टेस्ट टेप असेल तर फोनमधल्या ट्यूनर अॅपवर आकडा बघा, नसेल तर पाठ असलेलं गाणं फोनवरच्या त्याच गाण्याशी ताडून बघा. बऱ्याच मोटरच्या मागे बारीक भोक असतं, त्यात छोटा स्क्रूड्रायव्हर घालून अगदी केसभर फिरवायचं, आणि त्याआधी सेट दहा मिनिटं चालू ठेवायचा, कारण थंड मोटरवर लावलेला स्पीड नंतर बदलतो. स्पीड जमूनही आवाज दबलेला वाटत असेल तर हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू थोडासा फिरवा, झांजेचा आवाज सगळ्यात मोकळा येईल तिथे थांबा.

टेस्टिंगला टाकाऊ कॅसेट वापरा. घरोघरी बारशाची, आजीच्या ओव्यांची, कुणाच्या तरी पहिल्या बोबड्या बोलांची रेकॉर्ड केलेली कॅसेट असते, ती अशी परत मिळणार नाही, त्यामुळे टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी न अडकता वाजली की मगच ती लावायची. त्याआधी तिच्या मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिक टॅब तोडा म्हणजे चुकून रेकॉर्ड दबलं तरी पुसलं जाणार नाही, टेपवर पांढरी बुरशी दिसत असेल तर साफ केल्याशिवाय लावू नका, आणि पहिल्याच वेळी हेडफोनच्या जॅकमधून लॅपटॉपच्या लाइन-इनला केबल जोडून, सेटचा व्हॉल्यूम मध्यावर ठेवून, पूर्ण बाजू रेकॉर्ड करून घ्या.