रेल्वे आणि कारखान्यांचा वारसा शोधणारं मंडळ नाशकात कसं उभं करायचं

नाशिक म्हटलं की लोक पंचवटी, काळाराम, त्र्यंबक, द्राक्षं एवढं सांगून थांबतात. पण आपल्या जिल्ह्यात दीडशे वर्षांहून जुना रेल्वे घाट आहे, देशाच्या नोटा आणि टपाल तिकिटं छापणारे छापखाने आहेत, मनमाडसारखं जंक्शन आहे, आणि एके काळी मेन रोडवरून नाशिकरोड स्टेशनला घोड्यांची ट्राम जायची हे तर नाशकातल्याच कितीतरी लोकांना माहीत नसतं. हे सगळं बघणारं, लिहून ठेवणारं छोटं मंडळ आपल्याकडे असावं असं मला मनापासून वाटतं, एक नाही, चार असावीत. कसं सुरू करायचं ते आमच्या ग्रुपच्या अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, जागा नंतर, माणसं आधी. इमारत पाडली तरी तिचा फोटो कुणाकडे तरी सापडतो, पण ज्यांनी तिथे तीस-पस्तीस वर्षं ड्युटी केली ते काका-मावशी गेल्या की त्यांच्यासोबत गेलेलं परत मिळत नाही. त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्त्यांची, स्टेशनची कामं चाललीयेत, म्हणजे जागाही भराभर बदलणार, त्यामुळे "बघू पुढच्या वर्षी" असं म्हणू नका.

माणसं किती लागतात? पाच-सहा पुरतात. पण सगळे रेल्वेवेडे नकोत. एक फोटो काढणारा, एक मराठी टायपिंग भराभर करणारी, एक ज्याचे वडील किंवा आजोबा रेल्वेत नाहीतर प्रेसमध्ये होते असा, एक टपाल तिकिटं जमवणारा, आणि एक कागदपत्रं, परवानग्या बघणारा माणूस, जो ऑफिसात जाऊन शांतपणे बसू शकतो. हा शेवटचा सगळ्यात मोलाचा, मिळाला तर सोडू नका. भेटायला वाचनालयासारखी जागा बघा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, तिथे जुनी पुस्तकं बघता बघता अर्धं काम होतं. रजिस्ट्रेशनच्या मागे सुरुवातीलाच लागू नका. सोसायटी म्हणून नोंदवायचं तर १८६० च्या कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते, मग दरवर्षी हिशेब, ऑडिट आलंच. आधी वर्षभर काम करा, पैसे जमा करायची खरंच गरज पडली की मग नोंदवा.

पहिली जागा कुठली घ्यायची, तर माझं मत विचाराल तर कसारा-इगतपुरी. मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला धावली हे सगळ्यांना माहीत असतं, पण सह्याद्री चढायला त्यानंतर बारा वर्षं लागली, थळ घाट म्हणजे आपला कसारा घाट १८६५ मध्ये सुरू झाला. ही लाइन बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे चीफ इंजिनिअर जेम्स बर्कली, ज्यांनी भोर आणि थळ दोन्ही घाटांचं काम पुढे नेलं, ते १८६२ मध्येच गेले, त्यांना हा घाट पुरा झालेला बघायला मिळाला नाही. चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कागदावर हे काहीच वाटत नाही, पण रेल्वेसाठी हा भयंकर चढ आहे, कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत गाडी जवळपास ३०० मीटर वर येते. म्हणून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात. नवीन मेंबरला घाट समजावायचा तर भाषण देऊ नका, कसाऱ्याला थांबणाऱ्या गाडीत शेवटच्या डब्यांपैकी एकात बसवा. गाडी उभी असते, आणि मागून एक दणका बसतो, वरच्या बर्थवरची बाटली हलते, तो बँकर लागला. मग थोड्या वेळाने गाडी निघते. खिडकीतून बोगदे मोजत या, एहेगावच्या उंच पुलावर दरी बघा (दारात उभं राहून नाही, खिडकीतूनच). येताना कॅच साइडिंग कुठे दिसतं ते बघा, उताराला गाडी आवरली नाही तर तिला बाजूला चढावर नेऊन थांबवायची ती सोय. इगतपुरीहून खाली उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक तपासून मगच सोडतात, तेही यासाठीच.

इगतपुरीला उतरल्यावर गावात फिरा, स्टेशनवरच घुटमळू नका. १९३० च्या आसपास मुंबईकडून रेल्वेची वीज इगतपुरीपर्यंत आली, १५०० व्होल्ट डीसी, आणि भुसावळकडून साठच्या दशकाच्या शेवटी २५००० व्होल्ट एसी आली, एका विजेचं इंजिन दुसऱ्या विजेवर चालायचं नाही, त्यामुळे कित्येक वर्षं इंजिन बदलायचं ठिकाण म्हणजे इगतपुरी, गाडी थांबायची, इंजिन बदलायचं, तोवर लोक चहा-वडा उरकायचे. १९२८ मध्ये आलेल्या आणि पुढे घाटात मालगाड्या ओढणाऱ्या त्या लांब नाकाच्या इलेक्ट्रिक इंजिनांना रेल्वेवाले खेकडा म्हणायचे, त्यातलं एक दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये ठेवलंय. पण तो खेकडा चालवणाऱ्यांच्या, धुणाऱ्यांच्या, दुरुस्त करणाऱ्यांच्या आठवणी म्युझियममध्ये नाहीत, त्या इगतपुरीच्या आणि नाशिकरोडच्या घराघरांत आहेत.

आता मुलाखत कशी घ्यायची, यावर मी जरा जास्त बोलणार. "काका, तुमचा अनुभव सांगा" असं विचारलंत तर काका म्हणणार "चांगला होता, रेल्वेने सगळं दिलं" आणि विषय संपला. त्याऐवजी वस्तू विचारा. ड्युटीला निघताना डब्यात काय असायचं? गार्ड असतील तर लाइन बॉक्समध्ये, म्हणजे ड्युटीच्या पेटीत, काय काय ठेवायचात? मग ते हिरवा-लाल झेंडा, दिवा, इशाऱ्यासाठी रुळावर ठेवायचे फटाके, नियमांचं पुस्तक असं एकेक काढत जातात आणि प्रत्येक वस्तूमागे एक रात्र निघते. वाफेच्या काळातले कुणी असतील तर कॉल बॉयचं विचारा, म्हणजे रात्री क्वार्टरवर येऊन ड्रायव्हरला उठवणारा आणि वहीत सही घेऊन जाणारा पोऱ्या, कुणाच्या घरी दार वाजवायचं, कुणाच्या घरी नुसती हाक मारायची, हे त्या वेळच्या बायकांना जास्त आठवतं. म्हणून काकूंना, आजींना शेजारीच बसवा, मुलाखत दोघांची घ्या. आमच्याकडे तर असं झालं की काका आठवायचा प्रयत्न करत होते आणि आतून पोळ्या लाटता लाटता काकूंनी वेळापत्रक सांगितलं, कुठली गाडी गेली की कुकर लावायचा ते.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, पंखा बंद करा, टीव्ही बंद करायला सांगायला लाजू नका. सुरुवातीलाच रेकॉर्डिंगमध्ये तारीख, ठिकाण, आणि "हे तुम्ही लोकांना ऐकवलं तर चालेल ना" हे विचारून त्यांचं उत्तर घ्या. तासाभरात उठा, पुन्हा या. आणि त्याच रात्री, म्हणजे खरंच त्याच रात्री, मुख्य मुद्दे टाइप करा, नाहीतर महिन्याने "तो केबिनवाला कोण म्हणाले होते" हे कुणालाच आठवत नाही.

नाशिकरोडच्या प्रेसचं प्रकरण वेगळं आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ च्या आसपासचा, त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची, आणि नोटांचा प्रेस १९२८ चा. हा कडक सुरक्षेचा भाग आहे, गेटचा सुद्धा फोटो काढायचा नाही, ड्रोन वगैरे तर मनातही आणू नका. रिटायर्ड कामगारांना छपाईची, कागदाची, सुरक्षेची काहीही माहिती विचारायची नाही, हा नियम आम्ही लिहूनच ठेवलाय. पण विचारण्यासारखं भरपूर उरतं, भोंगा किती वाजता व्हायचा, सायकली कुठे लावायचे, कॅन्टीनला काय मिळायचं, नेहरूनगरला क्वार्टर मिळालं तेव्हा आजूबाजूला काय होतं, गणपतीत काय व्हायचं. एका शहराचं अख्खं आयुष्य त्यात आहे. आणि तिकिटं जमवणारा मेंबर इथे कामाला येतो, अल्बम घेऊन गेलात तर लोक आपोआप बोलायला लागतात.

ट्रामचं काम ज्यांना बाहेर फारसं जायला जमत नाही त्यांना द्या. १८८९ च्या सुमारास सुरू झालेली ही ट्राम मेन रोडवरच्या जुन्या म्युनिसिपालिटीच्या इमारतीपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत जायची, आठ-दहा किलोमीटर, आधी चार घोडे दोन डबे ओढायचे, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. तिच्या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचे इंग्रज इंजिनिअर होते, तेच ज्यांनी पुढे बार्शी लाइट रेल्वे बांधली. मार्ग शोधायचा तर सिटी सर्व्हेचे जुने नकाशे आणि आजचा सॅटेलाइट नकाशा शेजारी ठेवून बसा, पुणे रोडकडच्या जुन्या घरांत जुने फोटो विचारा, लग्नाच्या फोटोच्या मागे रस्ता दिसतो बऱ्याचदा. १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियरही चाळा, ते ट्रामच्या आधीचं आहे, त्यामुळे त्यात ट्राम शोधत बसू नका, पण त्या वेळचे रस्ते, बाजार, धंदे, तांबटांची कामं यांची माहिती त्यात आहे.

मनमाडला एक पूर्ण दिवस द्या. दौंड-मनमाड लाइन १८७८ ची, आणि सिकंदराबादकडून निजामाच्या रेल्वेची मीटर गेज लाइन इथे येऊन मिळायची, म्हणजे एका बाजूला दोन रुळांमध्ये १६७६ मिलिमीटर अंतर आणि दुसरीकडे १००० मिलिमीटर, डबा इकडून तिकडे जाऊच शकायचा नाही. मग पोतं न् पोतं उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचं. ते हमालांनी केलं, पाठीवर, आणि त्यांच्याबद्दल कुणीही काही लिहून ठेवलेलं मला अजून दिसलेलं नाही. मनमाडला गेलात तर स्टेशनच्या इमारतीआधी जुन्या हमालांच्या घरी जा. पुलांचे गर्डर बनवणारं रेल्वेचं वर्कशॉपही तिथेच आहे, आत जायला लेखी परवानगी लागते, आधी अर्ज करा.

परवानग्यांचं थोडक्यात सांगतो. रुळावर, यार्डात, बोगद्यात परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याहून मोठं म्हणजे जीव जातो, घाटात वळणावर गाडी ऐकू येईपर्यंत ती जवळ आलेली असते. प्लॅटफॉर्मवर फोटो काढायचे असतील तर स्टेशन मास्तरांना आधी भेटून सांगा. आणि एक खिळा, एक बोल्टसुद्धा उचलायचा नाही, रेल्वेची मालमत्ता जवळ बाळगण्यावर १९६६ चा वेगळा कायदा आहे. वस्तू आहे तिथेच राहू द्या, आपण नोंद घ्यायची.

नोंद कशी, ते रुळाच्या तुकड्यावर शिकवा. जुने रूळ कुंपणाचे खांब म्हणून रस्त्याकडेला भरपूर दिसतात, त्यांना हात लावायला काही हरकत नसते. रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर उठावदार अक्षरं असतात, कंपनीचं नाव, वर्ष, कधी महिन्यासाठी रोमन आकडा किंवा रेघा, आणि वजन. ९० आर असेल तर एका यार्डाला, म्हणजे तीन फुटांना, ९० पौंड. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, मऊ ब्रशने धूळ झटका, तारेचा ब्रश नको, पातळ कागद लावून वरून मेणाचा खडू आडवा फिरवा, अक्षरं हळूहळू कागदावर उमटतात. पोरांना हे फार आवडतं, शाळेच्या सहलीत हेच ठेवा. फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा, फाइलच्या नावात तारीख, गाव आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला ते लिहा. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्यांना खुल्या फोटोसंग्रहात, टाका, म्हणजे उद्या ग्रुप बंद पडला तरी ते शोधणाऱ्याला सापडतील.

रेल्वेपुरतंच थांबू नका मात्र. रावळगाव बघा, रेल्वेच्या कंत्राटांपासून धंद्यात वर आलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून कितीतरी वर्षं तिथलीच गोळी आपण सगळ्यांनी खाल्ली. मालेगावचे यंत्रमाग, एकलहऱ्याचं वीज केंद्र, पळशाचा साखर कारखाना, ओझरला १९६४ पासूनचं मिग विमानांचं काम, सातपूर-अंबडमधले पहिले कारखाने, ह्यातल्या प्रत्येकावर एकेक हिवाळा जाईल. हिवाळाच म्हणतोय कारण पावसाळ्यात इगतपुरीकडे वही उघडता येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये म्हाताऱ्या माणसांना घेऊन बाहेर फिरणं बरोबर नाही.

रेकॉर्डिंगची पहिली कॉपी त्या घरी द्या, पेनड्राइव्हमध्ये, आणि टाइप केलेलं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून. ते वाचून बरेचदा फोन येतो, "अरे ते वर्ष चुकलं, आणि अजून एक आठवलंय, या रविवारी". जा. दुसरी कॉपी ग्रुपच्या हार्डडिस्कवर, तिसरी शहराबाहेर राहणाऱ्या मेंबरकडे, आणि वर्षातून एकदा तिन्ही उघडून चालतायत ना ते तपासा.