मूल हनुवटीवर आपटलं? या चुका टाळा

सायकलवरून किंवा जिन्यात पडलं की मुलाच्या हनुवटीला खोक पडते. दोन टाके घातले, रक्त थांबलं, की घरचे निर्धास्त. पहिली चूक हीच. हनुवटीवर बसलेला मार हाडातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो आणि जबड्याचं वरचं टोक, म्हणजे कंडाइल, तिथे मोडू शकतं. कानापुढे दाबल्यावर दुखतं का, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का, दात पूर्वीसारखे जुळतात का, एवढं बघा. शंका वाटली तर ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. तरी उलगडा झाला नाही तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील.

दुसरी चूक जास्त महाग पडते: दुखतं म्हणून जबडा आठवडेच्या आठवडे हलूच न देणं. कंडाइलवर कूर्चेचा थर असतो आणि तिथे हाड वर-मागे वाढतं. हीच वाढ जबड्याला पुढे ढकलते, असं पूर्वी मानत. आता बऱ्याच तज्ज्ञांच्या मते स्नायू आणि मऊ ऊती जबडा खाली-पुढे नेतात आणि मागे पडलेली जागा कंडाइल भरून काढतं. म्हणजे चावणं, बोलणं, आ करणं यावरच ही वाढ बरीचशी पोसते. शिवाय मुलांचं मोडलेलं कंडाइल आश्चर्य वाटावं इतकं छान सांधतं, पण सांधा हलता हवा. नाहीतर आत साकळलेल्या रक्ताचंच हाड होऊन तो जाम होऊ शकतो. त्याला अँकिलोसिस म्हणतात. म्हणून थोडे दिवस मऊ भात-खिचडी आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हापासून तोंड उघडण्याचे व्यायाम. मूल रडतं म्हणून ते टाळू नका.

‘मोठा झाला की बघू’ हेही नको. मुलाची स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, हनुवटी मागे राहत असेल किंवा झोपेत घोरत-घुसमटत असेल, तर मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जनला लगेच दाखवा. इथे डोळे फसतात: एकाच बाजूचा सांधा जाम असेल तर जाम असलेली बाजू भरलेली दिसते आणि निरोगी बाजू चपटी. घरचे नेमकी चांगली बाजू दाखवतात!

पडल्याचं आठवत नसलं तरी संधिवात असलेल्या मुलांचा हा सांधा तपासून घ्या. तो न दुखताही झिजू शकतो. आणि अँकिलोसिसची शस्त्रक्रिया झाल्यावर व्यायाम मध्येच सोडले, तर सांधा पुन्हा जाम होऊ शकतो.