चिपवर नॅनोपार्टिकल वेगळे होत नाहीयेत? या चुका टाळा

पुण्यात पाषाणपासून विद्यापीठापर्यंतच्या पट्ट्यात नॅनोवर काम करणारी पोरं कमी नाहीत, आणि मायक्रोफ्लुइडिक चिप (बारीक चॅनेलमधून द्रव नेऊन कण वेगळे करणारी) चालली नाही की सगळ्यांचा पहिला संशय डिझाइनवर. मग चॅनेलच्या नक्षीचा नवीन मास्क, परत पीडीएमएस (चिप बनवायचं पारदर्शक रबर) ओता, परत बाँडिंग. मला विचाराल तर बऱ्याचदा घोळ सँपल चिपमध्ये जायच्या आधीच झालेला असतो.

सायट्रेटवालं गोल्ड, म्हणजे सायट्रेटचा थर असलेले सोन्याचे नॅनोकण, घ्या. लालचुटुक द्रावण, ते कुणीतरी सरळ पीबीएसमध्ये (खारट फॉस्फेट बफरमध्ये) ओततं आणि बघता बघता ते जांभळट, मग निळसर होतं. सायट्रेटच्या निगेटिव्ह चार्जमुळे कण एकमेकांना लांब ठेवतात, पण पीबीएसमधल्या मिठामुळे त्या चार्जचा पल्ला १ नॅनोमीटरच्याही आत येतो आणि कण चिकटतात. आता आत गुठळ्याच चालल्यात तर चिप बिचारी २० नॅनोमीटरचे कण वेगळे करणार कुठून! बफर पातळ ठेवा किंवा आधी पेगचं (पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पॉलिमरचं) कोटिंग करा, आणि चिपवर टाकायच्या आधी यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो तो आलेख) घ्याच, ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा पीक पसरला किंवा उजवीकडे सरकला असेल तर तिथेच थांबा. डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा साइझ मोजतात त्यात) मात्र उलटा घोटाळा होतो, लहान कणांचं स्कॅटरिंग व्यासाच्या सहाव्या घातात वाढतं, म्हणून चार गुठळ्या असल्या तरी सगळं सँपल खराब वाटायला लागतं.

दुसरी चूक म्हणजे पेशींसाठी चाललेली चिप नॅनोला लावणं. अकूस्टिक फोर्स, म्हणजे ध्वनिलहरींनी कणांना ढकलणारा जोर, व्यासाच्या घनात बदलतो, म्हणजे ५ मायक्रॉनवरून १०० नॅनोमीटरवर आलात की फोर्स सव्वा लाख पटींनी कमी, पण पाण्याचा ड्रॅग फक्त ५० पट कमी, मग कण स्ट्रीमिंगबरोबर (ध्वनीमुळे द्रवात उठणाऱ्या भोवऱ्यांबरोबर) गोल गोल फिरत बसतात आणि आपण जनरेटरचा व्होल्टेज वाढवत बसतो. डीएलडीत (तिरक्या रांगांतल्या खांबांमधून कण वेगळे करतात त्यात) पण तेच, एप्सिलॉन (रांगांचा तिरकेपणा) ०.१ ठेवलात तर क्रिटिकल व्यास (ज्याहून मोठे कण बाजूला वळतात तो) खांबांमधल्या गॅपच्या साधारण ४६ टक्के येतो, म्हणजे १०० नॅनोमीटरसाठी गॅप हवी २२० नॅनोमीटरच्या आसपास, साध्या फिल्म मास्कवर ते होणं नाही. आयबीएमवाल्यांनी २०१६ मध्ये २० नॅनोमीटरपर्यंत वेगळं करून दाखवलं ते सिलिकॉनवर. आणि फ्लो हळू केला की सेपरेशन सुधारतं असं धरून चालू नका, १०० नॅनोमीटरचा कण नुसत्या डिफ्यूजनने १० सेकंदांत १० मायक्रॉनच्या आसपास भरकटतो.

एप्रिलमधल्या दुपारी एसी बंद असेल तर काय होतं तेही बघा. २० डिग्रीवरून ३५ वर गेलं की पाण्याची व्हिस्कॉसिटी १ वरून ०.७२ मिलिपास्कल सेकंदवर येते, प्रेशर तेवढंच ठेवलं तर फ्लो ४० टक्क्यांच्या आसपास वाढतो, मग सकाळचे आणि दुपारचे रीडिंग जुळत नाहीत यात नवल काय. फ्रिजमधलं सँपल तसंच गरम चिपमध्ये सोडलंत तर हवा सुटून बुडबुडे, ते वेगळंच. आधी डीगॅस करा, रूमच्या टेंपरेचरला येऊ द्या.

कॉन्सन्ट्रेट करताना आउटलेटला कण १० पट घट्ट झाले म्हणून लगेच खूश होऊ नका, व्हॉल्यूम २० पट कमी झाला असेल तर निम्मे कण कुठेतरी गेलेत. बहुतेक वेळा ते दुसऱ्या आउटलेटमधून निसटलेले तरी असतात नाहीतर भिंतीला चिकटलेले. वेस्टचं रीडिंग घ्या, मग चॅनेल ट्वीन २० (साबणासारखं डिटर्जंट) ने धुऊन ते पाणी तपासा, कण त्यात निघाले तर पुढच्या रनआधी प्लुरॉनिक एफ-१२७ (कण भिंतीला चिकटू न देणारं पॉलिमर) ने कोट करा. बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रोटीन) पण चालतं, फक्त ते कणांवरही बसून साइझ बदलू शकतं, तेव्हा कोटिंगनंतर नीट धुवा.