युकुलेलेचा ब्रँड निवडताना

नाव वाचण्याआधी युकुलेले, म्हणजे गिटारसारखं हे छोटं चार तारांचं वाद्य, कानाने पारखा. मोकळी तार छेडा, मग तीच बाराव्या फ्रेटवर (वाद्याच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून छेडा. स्वर नेमका एक सप्तक वर लागायला हवा. जरा जरी चढा किंवा उतरलेला वाटला तर ते वाद्य घेऊ नका, ब्रँड कितीही नावाजलेला असो. फ्रेटच्या कडांवरून बोटही फिरवा. टोचता कामा नये.

माझा जीव मात्र कामाका या ब्रँडवर. १९१६ पासून हवाईतल्या होनोलुलूत कामाका घराणं पिढ्यान्‌पिढ्या युकुलेले घडवतंय, तिथल्याच कोआ झाडाच्या लाकडातून. अननसाच्या आकाराचं युकुलेले त्यांचीच देणगी. हलकंसं छेडलं तरी स्वर कसा भरीव आणि गोड उमटतो! पण कामाका महाग असतं. नुकतीच सुरुवात करत असाल तर काला या ब्रँडचं कॉन्सर्ट आकाराचं युकुलेले बघा. त्याहून लहान अशा सोप्रानो आकारापेक्षा त्यात बोटांना जास्त जागा मिळते.