फोनवरून पेशंट बघताना: घरी ठेवायचं की लगेच हलवायचं?

साथीत फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर पेशंट बघायला बसलात की आपल्याला ठरवायचं असतं एकच, हा माणूस घरी राहू शकतो की आत्ताच हॉस्पिटलला हलवायचा. बाकी निदान वगैरे नंतर.

आधी नाव, वय, पत्ता आणि घरातला दुसरा एखादा नंबर लिहून घ्या, कारण मधेच कॉल कट झाला तर अँब्युलन्स पाठवणार कुठे? मग फोन थेट पेशंटकडे द्यायला सांगा. घरचे "तसा बराय हो, जेवला पण" म्हणतात आणि पेशंटला एका दमात एक वाक्य बोलता येत नसतं, हे असं खूप वेळा होतं. धाप लागतेय, छातीत दुखतंय, ओठ निळसर पडलेत, बरळतोय किंवा उठवूनही उठत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी पुढचे प्रश्न सोडा आणि अँब्युलन्स बोलवा.

तसं काही नसेल तर त्रास नक्की कधी सुरू झाला ते विचारा, "दोन-चार दिवस झाले" यावर भागवू नका. कोविडमध्ये बरेच जण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बिघडायचे, म्हणून तिसऱ्या दिवशी ठणठणीत वाटणाऱ्यालाही परत फोन करायलाच हवा. शुगर, बीपी, दमा, किडनी, प्रेग्नन्सी हेही विचारून घ्या.

ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं मशीन) असेल तर नेलपॉलिश काढून, गार हात चोळून गरम करून, पाच मिनिटं शांत बसवून मग आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. 95 किंवा वर असेल तर ठीक, 93-94 असेल तर त्याच दिवशी डॉक्टरने तपासायला हवं, 92 किंवा खाली म्हणजे हॉस्पिटल. फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर त्याचा नेहमीचा आकडा विचारा. सावळ्या त्वचेवर मशीन कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं, आणि कोविडमध्ये दम न लागताही ऑक्सिजन उतरतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर किंवा नुसत्या "बरं वाटतंय"वर जाऊ नका.

व्हिडिओ असेल तर छाती दिसेल असा कॅमेरा धरायला सांगा आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पण मोजतोय हे सांगू नका, कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचे 12 ते 20 नॉर्मल, 30 च्या आसपास गेले तर वाट न बघता हॉस्पिटलला हलवा. एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ही टेस्ट मात्र भरवशाची नाही, ती नकोच.

घरी ठेवलंत तर काय झालं की लगेच फोन करायचा ते पेशंटकडूनच परत म्हणवून घ्या. पुढच्या कॉलची वेळ लिहून ठेवा, आणि त्या वेळी उचलला नाही तर तो दुसरा नंबर लावा.