मिलिटरीची जुनी गाडी घ्यायचीय? आधी कागद बघा, मग इंजिन

पेटीत बंद, ग्रीस चोपडलेली, कोरी करकरीत जीप फक्त ५० डॉलरला. जुन्या मिलिटरी गाड्यांचा विषय निघाला की ही गोष्ट कुणीतरी सांगतंच, आणि दरवेळी सांगणाऱ्याच्या मित्राच्या काकाने ती जीप घेतलेली असते. काकाला मात्र आजवर कुणी भेटलेलं नाही. जाहिराती खऱ्या होत्या बरं का, पण त्या देणारे लोक जीप विकतच नव्हते, सरकारी लिलाव कुठे होतात याची माहिती छापलेली पुस्तिका विकत होते. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्डने मिळून सहा लाखांच्या वर जीप बनवल्या, उरलेल्या भरपूर विकल्या गेल्या हेही खरं, फिलिपिन्समध्ये तर मागे राहिलेल्या जीप लांब करून, बाकडी टाकून, रंगीबेरंगी रंगवून लोकांनी त्यांच्या "जीपनी" नावाच्या प्रवासी गाड्या केल्या आणि त्यावर अख्ख्या शहरांची वाहतूक चालली. पण ५० डॉलरची पेटी काही कुणाच्या हाती लागली नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की या बाजारात आजही ऐकीव गोष्टींवर पैसे टाकणारे खूप आहेत. तसं करू नका.

पहिलं काम, ही गाडी सैन्याने का काढली ते शोधा. सैन्य गाडी ढोबळमानाने तीन कारणांनी काढतं. एक, नवीन मॉडेल आलं म्हणून जुनं अख्खंच्या अख्खं बाद. दोन, ही एकच गाडी दुरुस्त करायला जेवढा खर्च येतोय तेवढी तिची किंमत उरली नाही. तीन, सैन्यच कमी झालं. खरेदी करणाऱ्याला तिसरं कारण सगळ्यात भारी, कारण १९९० मध्ये पूर्व जर्मनी संपली तेव्हा तिचं सैन्यही संपलं आणि हजारो गाड्या एकदम बिनकामाच्या झाल्या, त्यात गोदामात राखीव म्हणून उभ्या केलेल्या आणि फारशा न चाललेल्या गाड्याही होत्या. पहिलं कारण पण ठीक, अशा लॉटमध्ये चांगल्या वाईट सगळ्याच येतात. दुसरं कारण असेल तर जरा दमानं. सैन्याकडे स्वतःचं वर्कशॉप, स्वतःचे मेकॅनिक, स्वतःचे पार्ट असताना त्यांनी हात टेकलेत, मग आपण रविवारी दुपारी पाना घेऊन बसून काय दिवे लावणार?

बाहेर पडायच्या आधी गाडीचं लष्करीपण काढून घेतात. हत्यार बसवायचे माउंट, रेडिओ, रात्री बघायची उपकरणं, कधी चिलखती पत्रा सुद्धा. किती काढायचं हे प्रत्येक देशाचं वेगळं, पण अमेरिकेची पद्धत समजून घेतली की बाकीच्यांचाही अंदाज येतो. तिथे प्रत्येक वस्तूला एक अक्षर दिलेलं असतं, ए असेल तर काही मोडतोड न करता विकता येते, डी असेल तर पूर्ण नष्टच करायची, आणि क्यू असेल तर विकता येते पण घेणारा कोण आणि त्याचं तो काय करणार याची चौकशी होते. म्हणजे दिसायला एकसारख्या दोन गाड्यांपैकी एक तुमच्या दारात येऊ शकते आणि दुसरीचे तुकडेच होतात.

तुकडे हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. एम-१५१ नावाची जीप होती, व्हिएतनामच्या काळातली, मागच्या सस्पेन्शनमुळे वेगात वळण घेतलं की चाक आत दुमडायचं आणि गाडी उलटायची. सैन्याने ठरवलं की ही पब्लिकच्या हातात रस्त्यावर द्यायची नाही, म्हणून विकताना आडवी कापून विकायची. तर हौशी लोकांनी ते तुकडे घेतले आणि वेल्डिंग करून परत जोडले! मग काय, पुढे जास्त कापायला लागले, नंतर चेपायलाच लागले. आजही एम-१५१ विकायला दिसली की पहिलं खाली झोपून बॉडीला आडवा जोड आहे का बघायचं. जोड सफाईने मारलेला असला तरी ती गाडी दोन वेगळ्या गाड्यांची असू शकते, मग चेसिस नंबर नक्की कुठल्या अर्ध्याचा?

हम्वीचं, म्हणजे जीपच्या जागी आलेल्या अमेरिकन सैन्याच्या रुंद गाडीचं, उलटं झालं. कित्येक वर्षं ती सामान्य माणसाला मिळतच नव्हती, डिसेंबर २०१४ मध्ये पहिल्यांदा २५ हम्वी ऑनलाइन लिलावात आल्या. पण त्या फक्त रस्त्याबाहेर वापरायला म्हणून विकल्या, म्हणजे शेतात फिरवा, खाजगी जागेत चिखलात घाला, नंबर प्लेट लावून रस्त्यावर आणायचं आश्वासन सरकारने दिलेलं नव्हतं. शिवाय वापर कशासाठी करणार याचं सर्टिफिकेट आधी मंजूर व्हायला लागायचं, नंतर गाडी ताब्यात. लोकांनी फोटो बघून बोली लावली आणि अटी नंतर वाचल्या.

आता घ्यायची कुठून. जर्मनीत फेबेग ही सरकारी कंपनी आहे, तिथे पोलिसांच्या गाड्यांपासून सैन्याच्या ट्रकपर्यंत सगळं विकतात. ब्रिटनमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या गाड्या लिंकनशायरमधल्या विथम या व्यापाऱ्याकडून टेंडरने जातात. अमेरिकेत ठेका दिलेल्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर. पद्धती दोन, उघड लिलाव किंवा बंद बोली. बंद बोलीत तुम्ही एकदाच आकडा लिहून देता, दुसऱ्याने काय लिहिलंय ते कळत नाही. नवीन माणूस दोन्हीकडे फसतो, उघड लिलावात इरेला पेटून आणि बंद बोलीत घाबरून जास्त लिहून. माझा नियम साधा आहे, गाडी घरी येऊन ब्रेक, टायर, बॅटरी सगळं बदलून रस्त्यावर यायला किती लागतील तो आकडा आधी कागदावर मांडायचा, त्यात लिलाववाल्याचं कमिशन, टॅक्स आणि ट्रेलरचं भाडं धरायचं, मग उरेल ती बोली. उरतच नसेल तर गाडी सोडून द्यायची, पुढच्या महिन्यात दुसरी येते.

"जशी आहे तशी, जिथे आहे तिथे" ही अट जवळपास सगळीकडे असते. म्हणजे तक्रार चालणार नाही आणि उचलून न्यायची जबाबदारी तुमची, तीही ठरलेल्या दिवसांत, नाहीतर साठवणुकीचं भाडं चालू. बघायला दिवस दिलेला असेल तर जाच, फोटोत गंज दिसत नाही आणि वास तर अजिबातच येत नाही. मी एकदा फोटो बघून घेतली होती. बॉडी सुंदर, सीट सुंदर, आणि डिझेलच्या टाकीत तळाशी चार बोटं तपकिरी चिखल. टाकी, पंप, इंजेक्टर, सगळं उतरवलं, दोन महिने गेले.

कागद. इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण लोखंड दुरुस्त होतं, कागद होत नाही.

सैन्यात असताना गाडीला सैन्याचा नंबर असतो, तुमच्या आमच्या सारखी नोंदणी नसते. ती बाहेर पडते तेव्हा सरकारने ती सोडली असं सांगणारा एक कागद निघतो, अमेरिकेत त्याला एसएफ-९७ म्हणतात, आणि त्या कागदाच्या जोरावर नागरी नोंदणी होते. तो मूळ कागद आहे का, त्यावरचा नंबर चेसिसवर ठोकलेल्या नंबरशी जुळतो का, आणि सैन्यापासून तुमच्यापर्यंत मध्ये जेवढे मालक झाले त्यांची साखळी सलग आहे का, एवढं बघायचं. जुन्या गाड्यांना आजच्यासारखा १७ अक्षर-आकड्यांचा नंबर नसतो, पाचसहा आकडे आणि एक पत्र्याची पट्टी, आणि ती पट्टी बाजारात नवीन छापून मिळते, म्हणून पट्टीवर विश्वास ठेवू नका, चेसिसवर ठोकलेला नंबर, वरची घाण पुसून, नीट बघा. "कागद मागून पाठवतो" म्हणणाऱ्याला "पैसे पण मागून पाठवतो" म्हणा.

आणि बोली लावायच्या आधी, आधी हं, आपल्या नोंदणी ऑफिसात जाऊन विचारा की या मॉडेलची नोंदणी होते का, कुठल्या वर्गात होते, चालवायला कुठलं लायसन्स लागतं. ब्रिटनमध्ये रणगाड्यासारख्या लोखंडी पट्ट्यांवर (ट्रॅकवर) चालणाऱ्या गाडीला वेगळ्या वर्गाचं लायसन्स लागतं. भारतात ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे, म्हणजे ज्या रंगासाठी जीव टाकला तोच पहिला काढावा लागतो. एका देशातून दुसरीकडे नेत असाल तर निर्यातीचा परवाना वेगळा आणि आयातीचा वेगळा, नुसत्या ट्रकला सुद्धा लागू शकतो.

चिलखती गाडी किंवा रणगाडा डोक्यात असेल तर अजून सांभाळून. जर्मनीत एका वयस्कर माणसाच्या बंगल्याच्या तळघरात महायुद्धातला पँथर रणगाडा होता, २०१५ मध्ये सैन्याने येऊन तो ओढून बाहेर काढला, वीसेक सैनिक आणि जवळपास ९ तास. त्याचं म्हणणं होतं की तो निकामी केलेला आहे. तरी २०२१ मध्ये कोर्टाने अडीच लाख युरो दंड आणि निलंबित शिक्षा दिली. म्हणून निकामी केल्याचं सर्टिफिकेट, आणि तेही आजच्या नियमाप्रमाणे चालणारं, हातात असल्याशिवाय तोफेच्या नळीजवळ जाऊ नका.

आता गाडी. मीटरवरचा आकडा विसरा, सैन्यात इंजिन बदलतात, मीटर बदलतात, अख्खी गाडी खोलून परत बांधतात. बांधणी झालेली असेल तर बऱ्याचदा तशी वेगळी पट्टी लावलेली असते, तिच्यावरचं साल जास्त कामाचं. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी असं पण नाही, वीस वर्षं उभ्या गाडीतलं प्रत्येक रबर मेलेलं असतं, ऑइल सील गळतात, व्हील सिलिंडर जाम होतात.

ब्रेकवर सगळ्यात जास्त वेळ घाला. अमेरिकन एम-३५ ट्रक लोकांना फार आवडतो, रिकामा सुद्धा सहा टनांच्या आसपास, आणि एम-३५ए२ मध्ये ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे कुठेही एक नळी फुटली की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम गेले. त्याच सैन्याने १९८० च्या सुमारास सिलिकॉनचं ब्रेक फ्लुइड वापरायला सुरुवात केली, जांभळट दिसतं, त्यात साधं फ्लुइड मिसळायचं नाही. आधी कुठलं आहे ते बघा, कळत नसेल तर सगळं काढून, धुवून नवीन भरा.

चाकांची रिंग दोन तुकड्यांची, बोल्टने जोडलेली असू शकते. हवा असताना ते बोल्ट सैल केले तर रिंग तोफगोळ्यासारखी सुटते, माणसं मेली आहेत. आधी व्हॉल्व्ह काढून पूर्ण हवा सोडायची. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बनवल्याचं साल वाचा.

वायरिंग बहुतेक २४ व्होल्ट, १२ ची वस्तू थेट लावली की जळते. दिव्यांचा स्विच पण चक्रम, अमेरिकन गाड्यांत तीन दांड्या असतात, एक लॉकची उचलून धरल्याशिवाय हेडलाइट लागतच नाही, म्हणजे शत्रूसमोर चुकून दिवा लागू नये. पहिल्या दिवशी अर्धा तास फ्यूज शोधणारे मी बघितलेत. (बरं, मीच.)

फेरेटसारखी छोटी चिलखती गाडी असेल तर एका बाजूची पुढची मागची चाकं एकमेकांना गिअरने बांधलेली असतात, मातीत छान, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणं घेत गेलात की ट्रान्समिशनमध्ये पीळ बसत जातो. जाणकार मधूनच एक बाजू कच्च्यावर उतरवून तो पीळ सोडवतात.

घरी ट्रेलरवरच आणा, "चालवतच नेतो" म्हणणाऱ्यांचे फोटो रस्त्याच्या कडेलाच निघतात. आल्यावर गाडी कोपरान् कोपरा झाडा. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये एका संग्राहकाने रणगाडा घेतला, आत मशीनगनच्या गोळ्या सापडल्या म्हणून अजून काही दारूगोळा आहे का बघायला डिझेलची टाकी उघडली तर सोन्याच्या ५ लगडी निघाल्या, अशी बातमी होती. त्या पोलिसांनी नेल्या. तुम्हाला सोनं मिळणार नाही, पण सीटखाली काडतूस मिळू शकतं, मिळालं तर हात न लावता पोलिसांना फोन.

रंग काढायची घाई करू नका. अमेरिकन गाड्यांवरचा रासायनिक हल्ल्याला टिकणारा रंग कोरडा घासला किंवा त्यावर वेल्डिंग केलं तर विषारी धूळ-धूर होतो, खालच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं, आणि महायुद्धकाळातल्या मीटरचे चमकणारे काटे किरणोत्सर्गी रेडियमचे असू शकतात, ते खोलायचे नाहीत. चांगला मास्क लावून, पाणी मारत, बारीक कागदाने, बोनेटच्या बाजूला आणि बंपरवर एकेक थर उतरवा. खाली स्टेन्सिलने मारलेला जुना नंबर आणि युनिटची खूण निघाली तर पुढे घासू नका, फोटो काढा, मग त्या नंबरावरून लष्करी संग्रहालयाच्या नोंदींमध्ये गाडी कुठे कुठे होती ते विचारता येतं.