महायुद्धात उतरणं बरोबर होतं का? यावर वाद घालायचा कसा (स्पर्धेवाल्या पोरांसाठी)

वादविवाद स्पर्धेचे दिवस आले की परभणीत आमच्या घरी पोरं येतात, विषयाचा कागद पुढं करतात आणि म्हणतात सर, मुद्दे द्या. यंदाचा विषय आहे '१९१४ साली ब्रिटनने महायुद्धात उतरणे योग्य होते'. मुद्दे मी देत नसतो, पण तयारी कशी करायची ते एकदाच लिहून टाकतो म्हणजे दरवर्षी घसा कोरडा करायला नको.

पहिलं काम, 'युद्ध वाईट असतं' हे वाक्य भाषणातून खोडा. मागं एका पोराने अडीच मिनिटं विधवा, अनाथ, रक्ताचे पाट असं सगळं केलं, टाळ्या लई पडल्या आणि खंडनाला समोरची पोरगी उठून एवढंच म्हणली की हे सगळं मला मान्यय, आता विषयावर बोला. संपला तिथंच. युद्ध वाईट का चांगलं हा प्रश्नच नाही ना, त्या दिवशी त्या सरकारपुढं जे दोन-चार रस्ते होते त्यातला हाच का धरला, हा प्रश्न आहे.

मग वही घ्या, मधोमध उभी रेघ मारा आणि रेघेवर लिहा ४ ऑगस्ट १९१४. त्या दिवशी ब्रिटननं युद्ध पुकारलं. त्याच्या आधी लंडनला जे माहिती होतं ते डावीकडं, नंतर जे घडलं ते उजवीकडं, आणि उजवीकडचं काहीही 'त्यांना कळायला पाहिजे होतं' म्हणून वापरायचं नाही. आपल्याकडं जूनमध्ये चांगली ओल बघून सोयाबीन पेरलं आणि नंतर वीस दिवस पावसानं दडी मारली, दुबार पेरणी आली, तर पहिली पेरणी करणारा येडा होता का? पेरलं तेव्हा ओल किती होती ते विचारा की.

इथं दोन्ही बाजूचे लोक फसतात. विरोधातले फ्रान्समधली सोमची लढाई काढतात, १ जुलै १९१६, एका दिवसात १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले. आकडा खराय पण तो उजवीकडचा. बाजूनं बोलणारे जर्मन चॅन्सेलरच्या (म्हणजे तिथल्या सरकारप्रमुखाच्या) युद्धहेतूंच्या मसुद्याचा दाखला देतात, बेल्जियमला अंकित करायचं, फ्रान्सला कायमचं दुबळं करायचं वगैरे, आणि छातीठोकपणे सांगतात की बघा जर्मनीचा डाव आधीपासून हाच होता. अरे बाबा तारीख बघ ना त्याची, ९ सप्टेंबर १९१४, म्हणजे ब्रिटन उतरल्यावर पाच आठवड्यांनी. जर्मनी जिंकली असती तर काय झालं असतं हे सांगायला तो चालेल, लंडनला आधी ठाऊक होतं हे सांगायला नाही.

आता कारण आणि निमित्त. ह्याला जास्त वेळ द्या. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटनसकट बड्या देशांनी दिलेली, १८३९ च्या लंडन कराराची, जर्मनीनं २ ऑगस्टला बेल्जियमला निर्वाणीचा खलिता दिला आणि ४ तारखेला सैन्य आत घातलं. सरळ दिसतंय. पण २९ जुलैलाच ब्रिटिश मंत्रिमंडळात ठरलं होतं की बेल्जियमचा प्रश्न कायद्याच्या बंधनापेक्षा धोरणाचा जास्त आहे, म्हणजे दार त्यांनी अर्धं उघडंच ठेवलं होतं. शिवाय १९१२ च्या आरमारी समझोत्यानंतर फ्रान्सचं मुख्य आरमार भूमध्य समुद्रात, उत्तरेचा किनारा उघडा, तो ब्रिटिश नौदल राखणार असं फ्रान्सला २ ऑगस्टला सांगून झालेलं. म्हणून बाजूनं बोलत असाल तर नुसत्या बेल्जियमवर उभं राहू नका, कारण समोरचा विचारणारच की बेल्जियममध्ये आधी फ्रान्स घुसला असता तर ब्रिटन फ्रान्सशी लढला असता का? आणि विरोधात असाल तर 'बेल्जियम नुसतं निमित्त' म्हणून झटकू नका, त्याच्यामुळंच फुटायला आलेलं मंत्रिमंडळ सावरलं, शेवटी मोर्ले आणि बर्न्स हे दोनच मंत्री बाहेर पडले.

विरोधकांना 'मग करायचं काय होतं' हे सांगावंच लागतं, नाहीतर परीक्षक मार्क कापतात (मी तर कापतोच). तटस्थ राहायचं, का नुसती इंग्लिश खाडी आरमारानं राखायची? मला स्वतःला तिसरा मुद्दा आवडतो, परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी जुलैमध्येच बर्लिनला ठणकावून सांगायला पाहिजे होतं की आम्ही उतरणार. म्हणजे चूक ४ ऑगस्टची नाही, त्याच्या आधीच्या गप्प बसण्याची. हा फार कमी पोरं घेतात, कामून काय माहीत.

आपल्या भागाचा मुद्दा येणारच. लंडननं युद्ध पुकारलं आणि हिंदुस्थान न विचारता आत. हैदराबाद कंटिंजंट म्हणजे निजामाच्या राज्यातली इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची फौज, तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई इथं होत्या, त्याच फौजेतून पुढं निघालेल्या डेक्कन हॉर्सचे घोडेस्वार १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्याच लढाईत हाय वूड नावाच्या जंगलावर चालून गेले. जोरदार मुद्दाय, पण विषयात 'ब्रिटनने' लिहिलंय, तेव्हा 'योग्य, पण कुणासाठी?' एवढं विचारून एका मिनिटात बाहेर या. चार मिनिटं तिथंच रमलात तर मूळ प्रश्न राहून जातो.

आदल्या रात्री जोडीदारासोबत बाजू बदला. तुम्ही समोरच्याचं भाषण करा आणि चांगलं करा, मुद्दाम लुळं नको. जिथं जोडीदाराला उत्तर सुचत नाही तिथं खूण करा आणि झोपायच्या आधी फक्त तेवढंच तयार करा. स्पर्धा नांदेडला असेल तर एसटीत तासाभराच्या वर वेळ मिळतो, त्यात पाठांतर नको, तो 'फ्रान्स घुसला असता तर' वाला प्रश्न एकमेकाला विचारत बसा, बाजूचे लोक बघायलेत तर बघू द्या.